फुलासोबत पानही छापा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

यंदाचा कास पठाराचा फुलांचा हंगाम सरत आला. भाद्रपदभर आपल्या दैनिकात पठाराचे रंगीत फोटो आले, वाहनांच्या रांगांच्या बातम्या आल्या, वाचकांची पत्रेही आली. कुंपण हवे की नको, शुल्क किती असावे, गाड्या कुठे थांबवाव्यात यावर माझ्याहून जाणत्या लोकांनी लिहिले आहे. ते मी पुन्हा उगाळत नाही. माझे म्हणणे फोटोंविषयी आणि फोटोंखालच्या ओळींविषयी आहे. रानफुलाचा फोटो छापताना त्याचे पान दिसू द्या, नाव तपासून द्या आणि असे फोटो फक्त भाद्रपदात न छापता बारा महिने छापा, एवढ्यासाठी हे पत्र.

माझा वाईत फोटो स्टुडिओ आहे. लग्नाची कामे हा मुख्य धंदा. आषाढी एकादशीला मुहूर्त थांबतात ते तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात, आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत आमच्या सह्याद्रीवर सगळ्यात जास्त फुले येतात. कॅमेरा आणि लेन्स घरात पडून, हाताशी वेळ. त्यामुळे गेली कित्येक वर्षे माझा चातुर्मास पसरणी घाट, पाचगणी, मेढा, कास, बामणोली इकडे जातो. परतीचा पाऊस झाला की दहिवडी-म्हसवडच्या बाजूला. वनस्पतिशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. जे कळते ते गुराख्यांकडून, बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडून आणि आपल्या भागातल्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या मागे फोटो घेऊन हिंडल्यामुळे.

गेल्या महिन्यात आपल्या पहिल्या पानावर रस्त्याकडेच्या केशरी-पिवळ्या फुलांचा मोठा फोटो होता. खाली ओळ होती, 'सोनकीने नटले माळरान'. फोटो उत्तम होता, उजेड सुरेख पकडला होता. फुले मात्र कॉसमॉसची होती. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. बागेतून सुटला आणि आता रस्त्यांच्या कडा, पडीक जागा व्यापत चालला आहे. सोनकी ही आपल्या पश्चिम घाटाची. दोन्ही पिवळी, दोन्ही पाऊस ओसरताना दिसतात, आणि लांबून काढलेल्या फोटोत दोन्हींचा रंग सारखाच येतो. पण खाली वाकून पान पाहिले की घोटाळा उरत नाही. सोनकीचे पान अखंड, कडेला दाते असलेले. कॉसमॉसचे पान आतपर्यंत चिरत गेलेले, गाजराच्या पाल्यासारखे. फोटोत एक पान स्पष्ट आले असते तर वाईच्या बाजारातल्या कोणत्याही मावशीने आपल्या उपसंपादकांना सांगितले असते की ही सोनकी नव्हे.

एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करतो असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. वर्तमानपत्रात छापून आलेले लोक खरे मानतात. ज्या झाडाला आपण कौतुकाने आपले म्हणतो, त्याच्या बिया हौसेने गोळा करून पठारावर नेऊन टाकणारे लोक मी पाहिले आहेत. मनात त्यांच्या वाईट काही नसते. पण कासच्या जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की तिथे मोठे झाड मूळ धरत नाही, आणि म्हणूनच चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपणाऱ्या बारीक रोपांना ती जागा मिळाली आहे. अशा ठिकाणी बाहेरचे, जोमदार वाढणारे रोप शिरले तर काय होईल, ते माळावर गाजरगवताने आपल्याला दाखवलेच आहे.

दुसरी नेहमीची ओळ म्हणजे 'सात वर्षांनी फुलणारी कारवी फुलली'. ही ओळ जवळपास दरवर्षी कुठे ना कुठे छापून येते. पठाराच्या सपाटीवर जी गोलसर, टोपली पालथी घातल्यासारखी झुडपे दिसतात ती टोपली कारवी. तिचा सामूहिक बहर सात वर्षांनी येतो. घाटाच्या उतारावर जी पुरुषभर उंच वाढते, जिच्या काठ्या कुडाच्या भिंतींना वापरतात, ती कारवी वेगळी. तिचा बहर साधारण आठ वर्षांनी. शिवाय दोन्हींची चुकार झुडपे अधल्यामधल्या वर्षीही फुलतात. म्हणून झुडूप एक आहे की अख्खा उतार, सपाटी आहे की कडा, हे फोटोत दिसले नाही तर त्या सात वर्षांना काही अर्थ राहत नाही.

पानावरून ओळखणे ही काही कॉलेजातून आलेली रीत नाही. आपल्या घरातल्या बायका हरतालिकेची आणि गौरीची पत्री पानावरूनच गोळा करतात. आघाडा, माका, केना, दुर्वा यातले कोणते फुलाने ओळखतात? एकदा आठवडी बाजारात एका मावशींना मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक पिवळे फूल मोठे करून दाखवले. मोठ्या अभिमानाने दाखवले, कारण पाकळीवरचे दोन लाल ठिपके अगदी टोकदार आले होते. त्या म्हणाल्या, "आरं, फूल काय दावतोस, पान दाव की." पुढचा फोटो काढला, त्यात चिंचेच्या पाल्यासारखी बारीक पाने होती. "ह्यो कवला. हाताळला की पानं मिटतोय का बग. ह्येच्या भावकीतला एक आमी भाजीला आणतो." शहरातून येणारे पर्यटक त्या ठिपक्यांमुळे याला मिकी माऊस म्हणतात आणि फोटो काढून पुढे जातात. पण कवल्याच्या अनेक जाती आहेत, त्यातली एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आघारकर यांच्या नावाने ओळखली जाते, आणि त्यांच्यातला फरक पाकळीपेक्षा पानांवरच्या केसांत आणि शेंगेच्या वळणात जास्त आहे. मावशींची रीत शास्त्राला धरून होती.

म्हणून आपल्या छायाचित्रकारांना आणि फोटो पाठवणाऱ्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. एका रोपाचा एकच फोटो काढू नका. अख्खे रोप घ्या, मग पान वरून आणि खालून. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ खोडाला कसा जुळतो, तेही दिसू द्या. फूल समोरून घ्याच, पण बाजूनेही घ्या. तेरड्याच्या फुलामागची वाकडी नळी समोरून दिसतच नाही आणि तिच्या लांबीवाचून जात सांगता येत नाही. फळ किंवा शेंग धरली असेल तर सोन्याहून पिवळे. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा म्हणजे आकार कळतो. आणि काहीही तोडू नका; पान उलटे करायला बोट पुरते. उजेडाचे म्हणाल तर ढगाळ दिवस सर्वांत चांगला. भर दुपारी पांढरी फुले फोटोत जळतात, म्हणजे पांढरीफटक येतात, त्यांच्या शिरा निघून जातात, आणि जांभळी फुले मोबाईलमध्ये निळी होतात. ऊन असेल तर छत्रीची सावली धरावी.

सीतेची आसवे नावाचे फूल ज्याने उभ्याने टिपले त्याला नुसता जांभळा रंग मिळाला. मी ते फूल पोटावर पडून पाहिले. नखाएवढे फूल, खालच्या ओठावर पांढरट डाग, आणि दोऱ्याइतकी बारीक दांडी थेट ओल्या मातीतून वर आलेली. पाने शोधू गेले तर सहजी सापडत नाहीत. खरी करामत जमिनीखाली आहे: पाण्याने भिजलेल्या मातीत तिचे इवलेसे फुगे असतात, त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात आणि पचतात. जांभ्यावरच्या त्या मातीत नत्र कमी, म्हणून ही तजवीज. तिच्याच शेजारी दवबिंदू ही वनस्पती असते, तिच्या पानांवरच्या चिकट थेंबांना किडे अडकतात. सकाळचे ऊन तिच्या मागून घेतले तर प्रत्येक थेंब वेगळा दिसतो. या दोन्ही मांसाहारी वनस्पती आहेत आणि गर्दीच्या दिवशी याच सगळ्यात आधी पायाखाली जातात, कारण लोक मोठ्या फुलांकडे बघत चालतात.

इथे माझ्या धंद्याचेही बोलले पाहिजे. लग्नाआधीचे शूट ही आता सगळ्यांना हवी असलेली गोष्ट झाली आहे आणि मुलामुलींना फुलांच्या मधोमध बसायचे असते. मी ते काम घेत नाही. त्यांना मेणवलीच्या घाटावर नेतो, कृष्णेच्या काठी नेतो. दगडी पायऱ्यांवर काढलेल्या फोटोला काही कमी नसते. पण फुलांत लोळलेल्या जोडप्यांचे फोटो पुरवण्यांत छापून येतात, आणि मग पुढचे गिऱ्हाईक तेच कात्रण घेऊन दुकानात येते. एकदा दबलेली ती पातळ माती आणि त्यातले न पिकलेले बी त्या हंगामाला तरी गेले. असे फोटो आपण छापू नयेत. हे आपल्या हातातले आहे, त्यासाठी कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही.

आता बारा महिन्यांविषयी. 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणे जागतिक वारसा ठरली, त्यात महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार. तेव्हापासून साताऱ्याची फुले म्हणजे कास आणि कास म्हणजे सप्टेंबर असे समीकरण झाले. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. इतक्या फरकाच्या रानात फुलांचा एकच महिना कसा असेल?

माघात पसरणी घाटाच्या उतारावर धायटी लाल होते. तिची फुले आयुर्वेदातली आसव-अरिष्टे आंबवायला वापरतात, पण घाटातून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिचे नाव ठाऊक असते. फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर, तिन्ही लाल-केशरी, तिन्ही पानगळ झालेली. इथे तर पानाचाही उपयोग नाही, आणि 'पळसाला पाने तीनच' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की पांगाऱ्यालाही तीनच असतात. अशा वेळी खोड पाहायचे. पळसाला काटे नाहीत आणि खोड वेडेवाकडे. पांगारा आणि सावर दोघांना काटे, पण सावरीची फुले मोठी, जाड पाच पाकळ्यांची, आणि पांगाऱ्याची फांदीच्या टोकाला झुबक्याने. चैत्रात महाबळेश्वरच्या आणि कासच्या वाटेवर अंजनी फुलते. पानांच्या खाली, थेट फांदीलाच निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटतात आणि अख्खे झाड निळे होते. तेव्हा तिथे चिटपाखरू नसते. आपल्या दैनिकात अंजनीचा फोटो मी आजवर पाहिलेला नाही. बहाव्याचा दरवर्षी येतो, कारण तो साताऱ्यात रस्त्यावरच आहे.

पहिल्या सरींनंतर आषाढ आमरी येते: जमिनीला चिकटलेले एक गोल पान आणि त्यावर पांढरे फूल. मग हळदीच्या कुळातली चवर पठारावर पांढरी उभी राहते. श्रावणात गेंद, पंद, आभाळी. साचलेल्या पाण्यात वायतुरा, ज्याचा फुलोरा टोकाला दोन फांट्यांत विभागलेला असतो. या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन 1982 मध्ये झाले आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव आहे. जिल्ह्याचे नाव लावणारी वनस्पती शाळेच्या मुलांना दाखवायला नको का? भाद्रपदातले सगळे ठाऊकच आहे. आश्विनात मात्र मी पूर्वेला जातो. नवरात्रात घटावर ज्या तरवडाच्या माळा चढतात तो तरवड माण-खटावच्या माळावर, आणि पुढे सांगलीच्या आटपाडी-जतपर्यंत, पिवळा होऊन उभा असतो. त्याच्या बुडाशी, गवतात, विष्णुक्रांत असते: शर्टाच्या बटणापेक्षाही लहान निळे फूल, दुपारनंतर मिटणारे. दुष्काळी म्हणून ज्या भागाच्या फक्त टँकरच्या बातम्या आपण छापतो, तिथले हे फूल एकदा पान एकवर यावे अशी माझी फार इच्छा आहे.

फोटोवरून नाव सांगणारी मोबाईल अॅप मीही वापरतो. बागेतल्या फुलांना ती बरोबर नावे देतात. पण जी रोपे केवळ सह्याद्रीत होतात, त्यांचे फोटो जगात कमी असल्याने अॅप बऱ्याचदा दूरदेशीची जवळची जात सुचवते आणि लोक तेच नाव खाली लिहून पाठवतात. अॅपचे उत्तर हा तपासाचा आरंभ समजावा. गेंदाच्या जाती तर प्राध्यापक मंडळी भिंगाखाली बी पाहून ठरवतात. तिथे नुसते 'गेंद' लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे. अर्धे नाव बरोबर देणे हे पूर्ण नाव चुकीचे देण्याहून बरे.

आणि एक गोष्ट जी छापू नये. खर्चुडी, म्हणजे कंदीलपुष्प. फुलाची खालची नळी फुगीर, वर पाच पाकळ्या टोकाला जुळून कंदील झालेला. नळीत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत जाते आणि केस कोमेजेपर्यंत बाहेर येऊ शकत नाही, तेवढ्यात परागांचे काम होते. या वेलींचे कंद लोक खणून खातात, हौशी संग्राहकही उपटून नेतात, आणि काही जाती फार थोड्या जागी उरल्या आहेत. त्यांचा फोटो जरूर छापा, पण ठिकाण म्हणून तालुका पुरे. टेकडीचे नाव, देवळाची खूण, वाटेचे वर्णन नको. मोबाईलच्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप साठतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातात, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसेच पुढे जातात. आपल्या संकेतस्थळावर मूळ फाइल चढवण्यापूर्वी ही माहिती पुसली जाते का, हे आपल्या तांत्रिक विभागाने पाहावे. आयनॅचरलिस्टसारखी निसर्गनोंदींची संकेतस्थळे धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप झाकतात. वर्तमानपत्राने त्याहून कमी काळजी घेऊ नये.

माझी सूचना साधी आहे. आठवड्यातून एक दिवस, जिल्हा पानाच्या कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढी जागा. त्यात एक फूल, त्याचे एक पान, मराठी नाव, शास्त्रीय नाव देवनागरीत, तालुका आणि फोटोची तारीख. एकाच झाडाला वाईत एक आणि कवठेमहांकाळात दुसरे नाव असेल तर दोन्ही द्यावीत. तारीख महत्त्वाची आहे. दहा वर्षे असे छापले तर अंजनी कधी फुलते, तरवड कधी, पाऊस लांबला तेव्हा काय झाले, याची गावोगावच्या लोकांनी केलेली नोंद आपोआप तयार होईल. नावे तपासायला सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर इथल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना विचारावे. माझा अनुभव असा की ही मंडळी फोटो नीट असेल तर नाही म्हणत नाहीत. पान नसलेल्या फोटोवर मात्र तेही हात टेकतात.

माझ्या संग्रहातले तारीखवार फोटो मी आपल्याला विनामूल्य द्यायला तयार आहे, पानांसकट. सुरुवात येत्या माघातल्या धायटीपासून करता येईल. मानधन नको, फोटोखाली माझे नावही नको. फक्त फुलाचे नाव तपासून आल्याखेरीज फोटो छापू नये, एवढी अट आहे.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक,
वाई, जि. सातारा